क्लास टूचा गहू

मे महिन्याच्या अखेरीला भंडारदऱ्याकडे निघालेल्या गाड्यांच्या डिकीत काय असतं, हे आता घोटीच्या नाक्यावरचा वडेवालासुद्धा न बघता सांगेल. तंबू, कॅमेऱ्याची तिपाई, कुरकुरीत वेफर्सची पाकिटं, आणि काजवे नीट दिसावेत म्हणून मुद्दाम विकत घेतलेला प्रखर झोताचा टॉर्च. काजवे बघायला टॉर्च कशाला, हे सांगून सांगून वनखात्याचे आणि गावकऱ्यांचे घसे बसले आहेत. त्यात मी भर घालत नाही. आमच्या डिकीत हे सगळं होतंच. शिवाय हवा शुद्ध करणारं एक यंत्र होतं. ज्या गावच्या हवेसाठी पुण्या-मुंबईची माणसं एवढा घाट चढून येतात, त्या गावी आम्ही हवा गाळायची सोय घेऊन चाललो होतो. त्याच्या शेजारी महागड्या दुधाच्या डब्यांची चळत होती, आणि पुढच्या सीटवर, जावईबापूंच्या मांडीवर, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये चार पानी रिपोर्ट होता.

रिपोर्ट आमच्या भाचीच्या मुलीचा. वय महिने दहा. घरात तिला सगळे बाईसाहेब म्हणतात, कारण हुकूम तिचाच चालतो. फक्त त्या महिन्यात तिच्यावर रिपोर्टाचा हुकूम चालत होता.

मूळ प्रकरण अगदी लहान. एप्रिलात भाचीने तिला उकडलेल्या अंड्याचा चमचाभर लगदा भरवला. वीस मिनिटांत ओठांभोवती आणि गालांवर लाल गांधी उठल्या, एक पापणी सुजली, बाईसाहेबांनी भोकाड पसरलं. ताईने, म्हणजे माझ्या बहिणीने आणि बाळाच्या आजीने, धावत जाऊन आमसुलं भिजत घातली. भाचीने डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितलेलं औषध पोटात गेलं, आणि तासा-दोन तासांत सगळं ओसरलं. औषधाने ओसरलं की आमसुलाने, हा वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही. ताईच्या बाजूने पुरावा एवढाच की आमसुलाचं पाणी तिने लावलं होतं.

इथे प्रकरण संपायला हरकत नव्हती. पोरीला अंडं सोसत नाही, अंडं बंद करा, पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा, असं झालं असतं. पण जावईबापू, म्हणजे भाचीचा नवरा, संगणकातले. एक बग सापडला की उरलेला सगळा प्रोग्रॅम तपासायचा, ही त्यांची शिस्त. त्यांनी डॉक्टरांना न विचारता घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका प्रयोगशाळेचं पॅकेज घेतलं. नव्वद पदार्थांची ॲलर्जी एका दमात, त्यावर थायरॉइड फुकट.

रिपोर्ट आला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी तो दहावीच्या निकालासारखा वाचला. बाळाने अजून वरणातला तुरीचा दाणा धड गिळला नव्हता, पण कॉड मासा, किवी, हेझलनट आणि सेलरी यांच्याबद्दल तिच्या रक्ताचं मत आम्हाला कळलं होतं. कॉड निगेटिव्ह होता. "चला, नॉर्वेचं स्थळ आलं तर अडचण नाही," आमचे दाजी म्हणाले. पुढे मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. अंडं क्लास तीन. गहू क्लास दोन. शेंगदाणा क्लास दोन. गाईचं दूध, तीळ, हरभरा, टोमॅटो, प्रत्येकी क्लास एक. अशा तपासण्यांत शून्य ते सहा असे वर्ग पाडतात, आणि रक्तात त्या पदार्थाविरुद्धची आय-जी-ई नावाची प्रथिनं किती सापडली यावर वर्ग ठरतो, एवढं जावईबापूंनी समजावून सांगितलं. दाजी राज्य सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झालेत. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मी छत्तीस वर्षं फायली उपसल्या तेव्हा क्लास टूला पोचलो. ही दहा महिन्यांत, तेसुद्धा गव्हात!"

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर तक्ता लागला. लाल, पिवळा, हिरवा. बाईसाहेब त्या दिवसापर्यंत रोज सकाळी गव्हाच्या सत्त्वाची खीर ओरपून, वाटी डोक्यावर पालथी घालून, ढेकर देत होत्या. दह्याची कवडी तोंडात विरघळवत होत्या. खीर बंद झाली. दही बंद झालं. दुधातली प्रथिनं आधीच तोडून भुगा केलेली पावडर सुरू झाली. त्या पावडरीला एक वास असतो. तो एकदा नाकात गेला की माणूस आठवडाभर कोरा चहा पितो. बाईसाहेबांनी ती पहिल्या घोटाला माझ्या शर्टावर परत केली. उरला मऊ भात, मुगाचं पाणी आणि बटाटा. वजनाचा काटा जिथे होता तिथेच बसून राहिला.

अशा परिस्थितीत भंडारदरा.

शेंडी गावातल्या एका घरगुती मुक्कामाला आम्ही उतरलो. नगर जिल्हा म्हटला की, आता अहिल्यानगर म्हणायचं, बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे छावणी, टँकर आणि ऊस येतो. अकोले तालुक्याचा हा पश्चिम कोपरा त्या चित्रात बसत नाही. घाटघरला पाऊस इतका पडतो की वर्तमानपत्रं दर पावसाळ्यात त्याला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा पाऊस अजून यायचा होता, फक्त त्याचा दम भरून राहिला होता. धरणाचं पाणी आटून काठाला मातीच्या पायऱ्या पडल्या होत्या. मागे कळसूबाईच्या डोक्यावर ढग टेकला होता.

मुक्कामाच्या मावशी चुलीपुढे होत्या. जावईबापूंनी त्यांना तक्त्याची एक प्रत दिली. "यात लाल आहे ते बाळाला चालणार नाही." मावशींनी कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि दहावीतल्या मुलाच्या हातात दिला. तो मोठ्याने वाचू लागला. "कि-वी. सेल-री. ऑ-य-स्टर." थांबून म्हणाला, "ऑयस्टर धरणात नाय गावत." जावईबापूंनी ती नोंद गांभीर्याने घेतली.

मग मावशींनी विचारपूस सुरू केली.

"गव्हानं काय व्हतं पोरीला?"

"होत काही नाही. पॉझिटिव्ह आहे."

"म्हंजे गहू खाल्ल्यावं?"

"खाल्ल्यावर काही होत नाही."

"आन् अंड्यानं?"

"गांधी उठल्या. डोळा सुजला."

"लगीच?"

"वीस मिनिटांत."

"मंग अंडं नगा देऊ," मावशी म्हणाल्या आणि भाकरी उलटायला वळल्या.

काय खाल्लं, किती वेळाने झालं, काय झालं, आणि एरवी तेच खाऊन काही होतं का? मुलांच्या ॲलर्जीचा कुठलाही जाणता डॉक्टर सुई हातात घेण्याआधी नेमकं हेच विचारतो. रानातल्या माणसांच्या उपजत शहाणपणावर एक भारदस्त वाक्य माझ्या मनात जुळूही लागलं होतं. तेवढ्यात मावशी परत आल्या. "आन् आसं करा, एक बिब्बा आना. टाचंला चटका दिला का जन्मात गांधी उठायच्या न्हाईत." मी वाक्य सोडून दिलं. बिब्ब्याचं तेल अंगावर उततं, फोड येतात, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. परटाने कपड्यांवर बिब्ब्याने खूण केली की त्याच जागी अंगाला खाज सुटते, याचं वर्णन त्वचारोगाच्या पुस्तकांत आहे. दहा महिन्यांच्या पोरीची ॲलर्जी घालवायला तिला दुसरी देण्याचा तो बेत होता. "बिब्बा नको तं मध चाटवा," मावशी म्हणाल्या, "रतनगडच्या रानातला हाय, आसली." ताईचे डोळे चमकले. तिला मध प्रिय.

गंमत इथेच आहे. एक वर्षाच्या आतल्या मुलाला मध द्यायचा नाही, हे डॉक्टर छाती ठोकून सांगतात. मधात कधीकधी बोट्युलिझम नावाच्या आजाराचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यात ते निमूट निघून जातात, तान्ह्याच्या आतड्यात रुजू शकतात आणि पोर लुळं पडतं. याचा ॲलर्जीशी काही संबंध नाही, म्हणून नव्वद पदार्थांच्या यादीत मध नव्हताच. जे द्यायला हरकत नव्हती ते लाल होतं आणि जे खरोखर द्यायचं नव्हतं त्याला रंगच नव्हता. भाचीला मात्र हे माहीत होतं. तिने ताईच्या हातातली वाटी काढून घेतली. मध मला मिळाला. चांगला होता.

नागलीचा प्रश्न जास्त नाजूक निघाला. इथे भात, नागली आणि वरई ही डोंगरउताराची पिकं. याच तालुक्यातल्या कोंभाळणेच्या राहीबाई पोपेरे यांनी असली गावठी बियाणी जपली आणि त्यांना पद्मश्री मिळाली, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. मावशींची नागलीची भाकरी तव्यावर टम्म फुगली होती. पण रिपोर्टात नागली नव्हती. म्हणजे लालही नाही, हिरवीही नाही. "डेटा नाही," जावईबापू म्हणाले आणि विचारात पडले. ते विचारात पडलेले असताना ताईने भाकरीचा पापुद्रा डाळीत कुस्करून दोन घास भरवलेसुद्धा. डेटा तयार झाला.

संध्याकाळी आम्ही धरणाच्या बाजूला पाय मोकळे करायला गेलो. प्रवरेवरच्या या विल्सन धरणाचं काम 1910 मध्ये सुरू झालं आणि 1926 मध्ये संपलं. मामा या नात्याने मला थोडं बोलायचा अधिकार होता, तो मी बजावला. काम सुरू होण्याच्या चार वर्षं आधी, 1906 मध्ये, व्हिएन्नातल्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने ॲलर्जी हा शब्द जगाला दिला. मॅंचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅक्ली या डॉक्टरने त्याच्याही कितीतरी आधी स्वतःच्या कातडीवर ओरखडा काढून त्यावर गवताचे पराग चोळून पाहिले होते, कारण दर उन्हाळ्यात शिंकून त्याचा जीव मेटाकुटीला येई. आणि इथे भिंत उभी राहत असताना, 1921 मध्ये, जर्मनीत प्राउस्निट्झ आणि क्युस्टनर या दोन डॉक्टरांनी तर कमालच केली. क्युस्टनरला शिजवलेला मासा वर्ज्य. खाल्ला की अंगभर गांधी. प्राउस्निट्झला माशाचं काहीच नव्हतं. त्याने क्युस्टनरच्या रक्तातला पातळ भाग आपल्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला, दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि ती जागा टरारून फुगली. दोष रक्तातून एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेता येतो, हे त्या फुगवट्याने सिद्ध झालं. तो दोष नेमका कशात असतो हे कळायला 1966 उजाडलं. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी नवरा-बायकोने अमेरिकेत काम करून आय-जी-ई शोधून काढलं.

"म्हणजे रिपोर्टात जे मोजलंय तेच," जावईबापू विजयाने म्हणाले.

तेच. पण रक्तात ते असणं आणि पोराला त्रास होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा घोळ इथे आहे. शरीराने एखाद्या पदार्थाची नोंद घेतली, एवढंच तो आकडा सांगतो. नोंद घेतली म्हणून दंगा करेलच असं नाही. कर्नाटकात प्रौढांची मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 2016 मध्ये आले. जवळजवळ चारांत एकाच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या खाण्याविरुद्धची आय-जी-ई सापडली. ज्यांना ते खाऊन खरोखर त्रास होत असावा अशी माणसं निघाली शंभरात एखाददुसरीच. त्या उरलेल्यांच्या फ्रिजवर जर आपण तक्ते लावले असते, तर अर्ध्या कर्नाटकाने इडलीकडे संशयाने पाहिलं असतं.

याहून पुढची पॅकेजं आहेत. काही ठिकाणी आय-जी-ई ऐवजी आय-जी-जी मोजून देतात. ते तर नुसतं तुम्ही काय खाता एवढंच सांगतं, म्हणजे पाचशे पदार्थांचा तो रिपोर्ट म्हणजे आपल्याच स्वयंपाकघराची यादी आपल्यालाच पैसे घेऊन वाचून दाखवणं झालं. केसांचं पाकीट टपालाने पाठवा आणि ॲलर्जी ओळखून घ्या, असंही कोणी कोणी म्हणतं. त्यात पैसा जातो आणि केस.

रात्री काजवे पाहिले. हिरड्या-सादड्याची झाडं एका लयीत उजळत होती, विझत होती. बाईसाहेबांनी एकदा तोंडाचा चंबू केला आणि झोपी गेल्या. गावातली वीज गेली होती, त्यामुळे हवा शुद्ध करणारं यंत्र खोलीत अंधारात उभं होतं आणि आम्ही सगळे बाहेर खाटेवर अशुद्ध हवा घेत बसलो होतो. जेवताना एक बाका प्रसंग मात्र आला. मोठ्यांसाठी गावठी अंड्यांची करी होती, आणि मावशींनी त्याच करीतली पळी मुगाच्या पातेल्यात बुडवली. भाचीने जी किंकाळी फोडली तिने जवळच्या झाडावरचे काजवे क्षणभर विझले असावेत. पातेलं बदललं गेलं. "येवढ्याशानं काय व्हतंय," मावशी पुटपुटल्या, आणि ताईनेही मान डोलावली, "थोडं थोडं दिलं की सवय होते." चार पानी रिपोर्टाला हसणारा मी, इथे मात्र भाचीच्या बाजूचा. ज्या पोराला अंड्याने खरंच गांधी उठतात त्याला आजीने पदराआड सवय लावायची नसते. सवय लावायच्या पद्धती आहेत, त्या दवाखान्यात, मोजून-मापून, औषध हाताशी ठेवून चालतात. ताईच्या हाताला माप नाही. ती मीठसुद्धा अंदाजाने घालते.

परतल्यावर डॉक्टरांनी नाशिकच्या एका बाल-ॲलर्जीतज्ज्ञांकडे पाठवलं. माझी हजेरी अशासाठी की गाडी माझी. आठ दिवस आधीपासून खाज-सर्दीची सरबतं बंद ठेवायला सांगितली होती, नाहीतर कातडी गप्प बसते आणि टेस्ट खोटी येते. तज्ज्ञ बाईंनी फोल्डर घेतलं, चारही पानं उलटली, बंद केलं आणि बाजूला ठेवलं. मग त्यांनी भाचीला विचारलं, "काय खाल्लं, किती वेळाने, काय झालं?" शेंडीच्या मावशींची फी वेगळी होती, इतकंच.

गव्हाची टेस्ट करायलाच त्यांनी नकार दिला. "रिपोर्ट यायच्या आधी रोज खात होती ना? काही झालं? मग तिची टेस्ट रोज सकाळी झालीच आहे." दह्याचंही तसंच. शेंगदाण्याला मात्र त्या थांबल्या. "शेंगदाणा दिलाय का कधी?"

"नाही, कधीच नाही," जावईबापू ठामपणे म्हणाले.

खोलीत शांतता झाली. ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"मी देते," ती म्हणाली. "खिचडीतलं कूट. बोटाने चाटवते. मार्चपासून."

जावईबापूंचा चेहरा त्या क्षणी कुठल्याही वर्गात बसत नव्हता. तज्ज्ञ बाई मात्र खुर्चीत पुढे सरकल्या. "किती? आठवड्यातून कितीदा? रिपोर्टानंतर पण?" ताईने सगळं सांगितलं. चतुर्थी, एकादशी, शिवाय मधला सोमवार, तक्ता लागल्यानंतरही. बाईंनी ते शब्दशः फायलीत लिहून घेतलं. ताईच्या आयुष्यात तिचं म्हणणं कोणी सरकारी वा खासगी फायलीत लिहून घेण्याची ही पहिलीच वेळ. दाजींना निवृत्तीच्या दिवशी हारतुरे मिळाले तेव्हा ते एवढे खूश नव्हते, जेवढी ताई त्या दिवशी होती.

शेंगदाण्याचं म्हणून सांगतो. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2000 मध्ये ज्या घराण्यांत ॲलर्जी आहे तिथल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका, असं सांगितलं होतं. माणसांनी ऐकलं, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी कमी व्हायचं नाव घेईना. 2008 मध्ये तो सल्ला मागे घेतला गेला. त्याच सुमारास लंडनच्या गिडियन लॅक यांच्या लक्षात आलं की इस्रायलातली तान्ही मुलं शेंगदाण्याचा एक कुरकुरीत खाऊ चघळत मोठी होतात आणि तिथे ही ॲलर्जी ब्रिटनमधल्या ज्यू मुलांच्या मानाने दहावा हिस्सासुद्धा नाही. मग त्यांनी जोरदार इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली 640 तान्ही मुलं घेतली. निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ दिले, निम्म्यांना टाळायला लावले. पाच वर्षांची झाल्यावर पाहिलं, तर टाळणाऱ्यांत शंभरातल्या सतरा मुलांना ॲलर्जी होती, खाणाऱ्यांत तिघांना. हे 2015 मध्ये छापून आलं. अख्खा दाणा तान्ह्याच्या घशात अडकतो, तो द्यायचा नाही. कूट किंवा पातळ करून. आणि ज्याला आधीच जोरदार इसब किंवा अंड्याची ॲलर्जी आहे, त्याचं डॉक्टरांना विचारून. ताईने विचारलं नव्हतं. तिचं नशीब बरं, एवढं तज्ज्ञ बाई तिच्या तोंडावर बोलल्या. ताईला ते कौतुकच वाटलं.

शेवटी कातडीवरची टेस्ट झाली, ती फक्त अंड्याची आणि खात्रीसाठी शेंगदाण्याची. बाईसाहेबांना भाचीच्या छातीशी पालथं धरलं, झबलं वर केलं. तळहाताएवढ्या त्या पाठीवर पेनाने चार खुणा केल्या, प्रत्येकीशेजारी एक थेंब. एक थेंब अंड्याचा, एक शेंगदाण्याचा, एक नुसत्या मिठाच्या पाण्याचा आणि एक हिस्टामिनचा. पाण्याचा थेंब फुगता कामा नये आणि हिस्टामिनचा फुगलाच पाहिजे, नाहीतर बाकीच्या दोघांच्या साक्षीला अर्थ नाही. प्रत्येक थेंबातून बारीक टोकाने कातडीला नुसतं टेकवल्यासारखं केलं. रक्त नाही. बाईसाहेब रडल्या ते टोचण्याने नाही. त्यांना पालथं धरलेलं आवडत नाही. मग वीस मिनिटं पाठीवर हात जाऊ द्यायचा नाही. या वीस मिनिटांसाठी जावईबापूंनी गाणी भरून टॅब आणला होता. प्रत्यक्षात उपयोगी पडला तो माझ्या चष्म्याचा डबा, जो बाईसाहेबांनी उघडला आणि मिटला, उघडला आणि मिटला. वेळ झाल्यावर बाईंनी पट्टी लावली. हिस्टामिनला डास चावल्यासारखी टम्म गांध. पाण्याचं काही नाही. शेंगदाण्याचं काही नाही. अंड्याची सहा मिलिमीटर. पाण्यापेक्षा तीन जास्त भरली की पॉझिटिव्ह धरतात. वीस मिनिटांत गांधी, वर ही सहा मिलिमीटर. कथा आणि कातडी एकच सांगत होती, म्हणून ती ॲलर्जी खरी.

तज्ज्ञ बाई एकदाच चिडल्या. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस राहिली होती. "त्यात अंडं असतं म्हणून थांबवली," भाची म्हणाली. गोवराच्या काही लसी कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर वाढवतात हे खरं, पण अंड्याच्या ॲलर्जीसाठी ही लस टाळायची नसते, हे केव्हाच ठरलेलं आहे. गोवर हा गांधींपेक्षा कितीतरी वाईट पाहुणा. लस त्याच आठवड्यात झाली.

फ्रिजवरचा तक्ता निघाला. खीर सुरू झाली, दही सुरू झालं, पावडरीचे उरलेले डबे कोणी फुकट घेईना. अंडं बंद, वर्षभराने पुन्हा टेस्ट, मग केकमध्ये भाजलेलं थोडं दवाखान्यात बसून, मग पुढे. बहुतेक मुलांची अंड्याची आणि दुधाची ॲलर्जी वाढत्या वयात आपोआप जाते. दाजींना ती बातमी आवडली नाही. "म्हणजे क्लास थ्रीची पण बदली होणार," ते म्हणाले.

ज्यांच्या घरी तान्हं आहे त्यांना एवढंच सांगतो की रक्त द्यायच्या आधी एक कागद घ्या आणि त्यावर काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, किती वाजता काय झालं ते लिहा. उठलेल्या गांधींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आजीला विचारा, आणि विचारताना जावयाला बाहेर पाठवा. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा, कुठली टेस्ट करायची ते त्यांना ठरवू द्या. आणि भंडारदऱ्याला असताना खाल्ल्यावर पोराचा श्वास घरघरू लागला, आवाज बसला, ओठ-जीभ सुजली किंवा उलट्या होऊन अंग ढिलं पडलं, तर आमसूल शोधू नका, काजव्यांसाठी थांबू नका. त्या वेळी लागतं ते अॅड्रेनलिनचं इंजेक्शन. गाडी सरळ रंध्यावरून राजूरच्या ग्रामीण रुग्णालयाकडे घ्या. तिथले पेढे येताना घ्या.